रिकामा तळहात

नांदेड
९ फेब्रुवारी २०२५

ती. सुकन्याअक्कास,
धाकट्या रुद्राणीचा शरणार्थ आणि शि. सा. न. वि. वि.

लोणचं पोचलं. लातूर-नांदेड गाडीच्या कंडक्टरनं बरणी सांभाळून आणली, पण तू झाकण सैल लावलं होतंस. त्याच्या पिशवीलाही आपल्या घरच्या लोणच्याची चव कळली. पुढच्या वेळी झाकण दाजींकडून लावून घे, दुकानातल्या डब्यांनी त्यांचं मनगट घट्ट झालंय.

आमचे हे चिडवतात, की आख्ख्या नांदेडात पोस्टमन आता फक्त आपलंच दार शोधत येतो. त्यांना काय सांगू? त्या तापानंतर तुला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि मेसेज पाठवावा तर तो दाजी गिऱ्हाइकांदेखत मोठ्यानं वाचून दाखवतात. पत्र तेवढं तुझ्या एकटीच्या हातात पडतं. आजचं तर खास तुझ्या एकटीसाठी आहे.

तुमच्या लातूरचे मलप्पाकाका आडते आमच्या वॉर्डात आहेत. मठाच्या पंचांत बसतात, शिवपाठाला सगळ्यांच्या पुढं असतात, तेच. लेकीकडं इथं आले होते, न्हाणीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पण नेम इतका कडक, की गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत, मग गोळी कुठली? डॉक्टर वैतागले. मी म्हटलं, मी करवून घेते पूजा. रोज सकाळी त्यांना उशा लावून बसवायची, विभूती हातात द्यायची. ते डाव्या तळहातावर लिंग घेऊन बघत राहायचे आणि मग एखाद्या शहाण्या मुलासारखं दूध प्यायचे.

गेल्या आठवड्यात मात्र घात झाला. पूजा झाली, दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि लिंग हातात असतानाच त्यांचा डोळा लागला. आमच्या वॉर्डातल्या सरजाबाई मावशीनं चादर बदलली आणि गोळा करून धुण्याला पाठवली. थोड्या वेळानं बघते तर उशाशी लिंगाची चांदीची डबी उघडी, आत काही नाही. सरजाबाईला आधी कळेचना, एवढं काय झालं. मी तिला सांगितलं, की आमच्या लिंगायतांत गुरूनं दिलेलं लिंग जन्मभर अंगावर असतं आणि मेल्यावर मातीतही सोबत जातं. ते हरवलं तर जुनी माणसं जीव ठेवत नाहीत. मग ती बिचारी माझ्या आधी धावली. आम्ही दोघींनी धुण्याची खोली पालथी घातली, पण मिळालं नाही.

अक्का, काका जागे व्हायच्या आत मी माझ्या गळ्यातलं सोडलं आणि त्यांच्या डबीत ठेवलं. गुरूवाचून कुणी कुणाला लिंग देत नाही, हे मलाही कळतं. पण साखरेच्या आजाराचा माणूस, उपाशी राहिला असता तर जखम भरली नसती, आणि ते राहिलेच असते. आपल्या आप्पांचा हट्ट आठव. दुसऱ्या सकाळी त्यांनी पूजेला जरा जास्त वेळ घेतला. माझा जीव टांगणीला. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, सिस्टर, आता दूध द्या. मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

आता माझं असं झालंय, की सकाळी अंघोळ करून बसते आणि सवयीनं रिकामा तळहात समोर धरते. काय बघते ते माझं मलाच ठाऊक नाही. हे मी घरातही बोलले नाही. तुझ्या-माझ्यातच राहू दे. काकांना कळलं तर मला पुन्हा त्यांच्यापुढं उभं राहता येणार नाही.

दाजींना शरणार्थ. लोभ आहेच, तो लोणच्यासारखा मुरत राहो.

तुझी
रुद्री

*

लातूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. रुद्रीस,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र शेगडीपुढं वाचलं आणि भाकरी करपली. दाजींनी खुणेनं विचारलं, काय झालं, तर म्हटलं, धूर गेला डोळ्यांत. गॅसचा कुठला धूर, पण त्यांनी पुढं विचारलं नाही. पत्र ज्वारीच्या डब्यात ठेवलंय. तिथं या घरातला पुरुष हात घालत नाही.

काय लिहू तुला? लहानपणी तू माझ्या वाटणीचा गूळ पळवायचीस, आणि आज गळ्यातलं काढून देतेस. आई असती तर तुझी दृष्ट काढली असती. काळजी करू नकोस, तुझ्या पोटातलं माझ्या पोटात. मला कानानं ऐकू येत नाही, तोंडानंही फुटणार नाही.

इकडं सगळं ठीक. महिला मंडळाचं हळदीकुंकू झालं. खुर्च्या मी मांडल्या, पोहे मी केले, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मला मागं बसवलं. काही सांगायचं असलं की बायका हातवारे करतात, जसं काही कानांबरोबर माझी अक्कलही गेली. जाऊ दे. तुझं पत्र आलं की मी आठ दिवस श्रीमंत असते.

लोभ असू दे, आणि गळा फार दिवस मोकळा ठेवू नकोस. मठात जाऊन स्वामींकडून नवं घे.

तुझी
अक्का

*

लातूर
२६ एप्रिल २०२५

चि. रुद्रीस,
अनेक आशीर्वाद, आणि आज त्यावर साखर.

बैस आणि मग वाच. आमच्या मंडळानं यंदापासून परिचारिका दिनाला एका नर्सचा सत्कार करायचं ठरवलं. करुणा पुरस्कार असं नाव आहे. सभासदांकडून नावं मागवली होती. मी तीन पानं लिहून दिली. अध्यक्षबाईंनी माझ्यासमोर वाचली आणि पदरानं डोळे पुसले. रुद्री, मी बोललेलं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही गं कितीतरी वर्षांत. लिहिलेलं मात्र शेवटपर्यंत वाचलं. तुझं नाव एकमतानं ठरलं.

कार्यक्रम बारा मेला, टाउन हॉलजवळच्या मंगल कार्यालयात. आणि योग बघ, मंडळाला दरवर्षी देणगी देतात म्हणून प्रमुख पाहुणे मलप्पाकाका. काठी घेऊन का होईना, चालायला लागलेत. शाल त्यांच्याच हातून. यायचंच.

लोभ वाढव आणि बसचं तिकीट काढ.

तुझी
अक्का

*

नांदेड
१ मे २०२५

ती. अक्कास,
शरणार्थ, शि. सा. न.

हॉस्पिटलला मंडळाचं पत्र आलं आणि आमच्या हेडसिस्टरनी पेढे वाटले. सरजाबाईनं दोन घेतले, म्हणाली, एक माझा आन् एक तुमच्या अक्काचा. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एवढी वर्षं नोकरी केली, पण लोकांनी सिस्टर म्हणून हाक मारली ती फक्त सलाइन संपलं की.

पण अक्का, तीन पानं? माझ्याबद्दल तीन पानं भरतील असं काय आहे तुझ्याकडं? मला एकच गोष्ट आठवते. ती तर नाही ना लिहिलीस? शाल काकांच्या हातून, म्हणून विचारते. उलट टपाली एवढंच कळव. मग मी निश्चिंत येते.

लोभ आहे, आणि या वेळी जरा भीतीही आहे.

तुझी
रुद्री

*

लातूर
५ मे २०२५

चि. रुद्रीस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते. जिवाला घोर लावून घेऊ नकोस. त्या पानांत कुणाचंही नाव नाही. एवढा तरी विश्वास ठेव अक्कावर. निळी इरकल नेस, फोटोत उठून दिसते.

बाकी भेटीत. लोभ आहेच.

अक्का

*

नांदेड
१४ मे २०२५

ती. अक्कास,
शरणार्थ.

तुझं पाच तारखेचं पत्र मी पर्समध्ये घेऊन स्टेजवर बसले होते. नाव नाही, असं तू लिहिलंस. खरंच नव्हतं. निवेदन करणाऱ्या बाईंनी चांगल्या ठसक्यात वाचलं, की लातूरचे एक वयोवृद्ध आडत व्यापारी, मठाचे पंच, नांदेडला लेकीच्या घरी न्हाणीत पडले. एवढ्यावर सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. काकांची काठी त्यांच्या खुर्चीला टेकवलेली होती. आणखी नाव कशाला लागतं?

मी त्या बाईंना थांबवायला उठले, तर अध्यक्षबाईंनी कौतुकानं माझा हात दाबून मला खाली बसवलं. मग चादर आली, धुणं आलं, माझा गळा आला. आणि शेवटी, रोज सकाळी ती रिकामा तळहात समोर धरते. अक्का, हे मी तुला लिहिलं होतं. माइकवरून ते असं वाजलं, जसं मी टाळ्यांसाठीच लिहून ठेवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

काकांचा चेहरा मी बघितला नाही, बघवला नाही. ते उठले. शाल माझ्या खांद्यावर घातली, नीट दोन्ही बाजूंनी सारखी केली. मग तोच हात छातीवरच्या डबीवर गेला, आणि भाषण न करता ते पायऱ्या उतरून गेले. सभागृहात एकच माणूस टाळ्या वाजवत होतं. पहिल्या रांगेत, तू.

चहाच्या वेळी बायका माझ्यापासून हातभर अंतर राखून उभ्या होत्या. एक म्हणाली, बाईच्या गळ्यातलं गड्यानं पुजलं, आन् ह्यालाच बक्षीस. इकडं पेपरात बातमी आली. रुग्णाची वस्तू धुण्यात गेली हे हॉस्पिटलला त्या बातमीतूनच कळलं. सफाईच्या ठेकेदारानं सरजाबाईला घरी बसवलं, आणि हॉस्पिटलनं माझा फोटो चौकट करून वॉर्डाच्या भिंतीवर लावला.

मी विचारलं होतं तुला. सरळ विचारलं होतं. तेव्हा खरं सांगितलं असतंस, तर मी आलेच नसते, किंवा आधी काकांच्या पायाशी जाऊन बसले असते. तू माझा विश्वासघात केलास अक्का. दुसरा शब्द मला सापडत नाही.

रुद्राणी

*

लातूर
२१ मे २०२५

चि. रुद्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राखाली लोभाची ओळ नव्हती. उलटून पालटून बघितलं, कदाचित मागं लिहिली असेल म्हणून.

मला ऐकू येत नव्हतं गं. माझा कागद वाचला जातोय हे दिसत होतं. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या. काका उठले, शाल घातली, मी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी माझा खांदा दाबला, तेव्हा थांबले. घरी आल्यावर दाजींनी पाटीवर लिहून सांगितलं, काय झालं ते.

पण मी खोटं लिहिलं का? तू चांगलं केलंस, ते मी चांगलं म्हणून सांगितलं. तू चोरी केल्यासारखी का लपतेस? नाव घातलं नाही, म्हणजे झालं, असं वाटलं मला. तू विचारलंस तेव्हा पानं देऊन झाली होती. परत मागितली असती तर पुन्हा पोह्यांच्या पातेल्यापाशी जाऊन बसावं लागलं असतं. तू माझी बहीण आहेस हे या गावाला कळावं, एवढंच हवं होतं मला. त्यासाठी मी तुझंच पत्र समोर ठेवून लिहिलं, कारण तुझ्यासारखं मला लिहिता येत नाही.

काकांना पंचांनी बोलावलं म्हणे. मी त्यांच्या घरी जाऊन आले. सुनेनं दार उघडलं, पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. या वेळी बरंच झालं ते. चुकले मी. पदर पसरते. मोठी असून पसरते.

लोभ कमी करू नकोस.

तुझी
अक्का

*

लातूर
३० मे २०२५

चि. रुद्राणी सिस्टर यांस,
मलप्पाचा शरणु शरणार्थी आणि आशीर्वाद.

पत्रास कारण की, पोरगा संगमेश्वर नांदेडला यायला निघालाय, त्याच्या हाती डबी पाठवतो. आतलं तुमचं हाय. डबी माझी व्हती, ती बी ठेवून घ्या.

तुम्हाला वाटत असंल, म्हाताऱ्याला सभेत कळलं. तसं न्हाई. माझ्या लिंगाला खालून एक खाच व्हती. लहानपणापासून माझा अंगठा तिथंच बसायचा. त्या सकाळी अंगठा ठेवला तर गुळगुळीत. मान वर केली, तर तुमच्या गळ्यात दोरा नव्हता. आदल्या दिवशी व्हता. मग काय समजायचं ते समजलो.

जरा इचार केला. नेमापायी उपाशी मरावं, का एका लेकीनं न मागता दिलं ते घ्यावं. मला वाटलं, देणारा तोच गुरू. तवा दूध मागितलं.

तुम्ही गप बसलाव, मी गप बसलो. दोघं गप व्हतो तवर ते माझं व्हतं. मंडपात वाचलं आन् परकं झालं. पंच म्हनले, बाईमाणसाचं लिंग, ते बी दीक्षेबिगर, आन् ह्यो शिवपाठाला पुढं बसतो. नवी दीक्षा घ्या, न्हाई तर मठाची पायरी चढू नका. बसवण्णांनी बाई-गडी असं केलं न्हाई. पण मी काय बोलणार? मी बी पंच व्हतो, दुसऱ्याला मी बी असंच बोललो असतो. घेतली दीक्षा. नव्याकडं रोज बघत बसतो. ते अजून माझ्याकडं बघत न्हाई. शिवपाठाला जाणं सोडलंय.

तुम्ही कुणाला सांगितलं ते इचारत न्हाई. एवढंच वाटतं, सांगायचंच व्हतं तर पयलं मला सांगायचं. घरी सोडायच्या दिवशी मी वाट बघितली. तुम्ही गोळ्या समजावून दिल्या आन् गेलाव.

पाय बरा हाय. तुमच्या हाताला यश हाय. लोभ ठेवा.

मलप्पा

*

नांदेड
९ जून २०२५

ती. अक्कास,
शरणार्थ.

पत्र पोचलं, माफीही पोचली. राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तू माझं वाईट चिंतलं नाहीस, हेही मला कळतं. तुला त्या मंडळात मान हवा होता, तो तुझ्या हक्काचा होता. पण तो तू माझ्या पत्रातून काढून घेतलास.

माझं लिंग परत आलं. मलप्पाकाकांचा मुलगा स्वतः घेऊन आला. चहाला थांबला नाही, गाडीची वेळ झाली म्हणाला. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. मी ते पुन्हा बांधलं आहे. त्याला काकांच्या विभूतीचा वास येतो. सोबत त्यांचं पत्रही होतं. त्यात काय आहे ते तुला लिहिणार नाही.

सरजाबाईला अजून काम मिळालेलं नाही. मी दोन ठिकाणी शब्द टाकलाय.

काल इस्लापूरकडची एक बाई भरती झाली. सोबत कुणी नाही. संध्याकाळी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, सिस्टर, एक सांगू का, कुणाला बोलू नका. समोरच्या भिंतीवर माझा शालीतला फोटो होता, खाली करुणा असं लिहिलेला. मी तिला म्हटलं, बाई, मला नका सांगू. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात सोडला. अशी मी कधी नव्हते अक्का.

इकडं ऊन जरा उतरलंय. हे बरे आहेत. लोणचं संपलं, बरणी धुऊन कंडक्टरकडं दिली आहे, झाकण घट्ट लावलंय. यापुढं मी असंच लिहीन. हे पत्र ज्वारीच्या डब्यात ठेवायची गरज नाही. दाजींनी दुकानात मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

लोभ आहे. तो वाढावा असं या वेळी लिहीत नाही.

रुद्राणी